लाकडी ठशांतले सरोवर

चित्रप्रदर्शनात भिंतीवरचे एखादे चित्र पाहणाऱ्याच्या मनात भरते. तो जवळ जातो, खालची चिठ्ठी वाचतो, आणि तीवर 'ठसा' किंवा 'छापचित्र' असा शब्द दिसला की त्याचा चेहरा किंचित उतरतो. "म्हणजे हे छापील आहे तर!" हा उद्गार आम्ही पुष्कळदा ऐकला आहे, खोटे कशाला बोला, एके काळी आम्हीही तो काढला आहे. छापील चित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ते दिनदर्शिकेवरचे चित्र, नाहीतर देवघरातली तसबीर. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा निघाली, मुंबईत १८९४ साली रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला, आणि शिळाछापाची चित्रे घरोघर पोचली. त्या चित्रांचे उपकार मोठे आहेत. पण मूळ चित्र एक आणि छापलेली ती त्याची नक्कल, ही समजूतही त्यांच्याबरोबरच आपल्या घरात आली.

आज ज्या कलावंताविषयी लिहावयाचे योजले आहे, त्याच्या बाबतीत ही समजूत मुळीच लागू पडत नाही. त्याच्या ठशाला 'मूळ चित्र' असे नसतेच. जलरंगातले टाचण असते, कोरलेल्या फळ्या असतात; पण चित्र जन्माला येते ते कागदावर, आणि ते शंभर वेळा जन्माला येते. त्या शंभरांतली प्रत्येक प्रत मूळच. ह्या कलावंताचे नाव वॉल्टर जोसेफ फिलिप्स. जन्म १८८४, इंग्लंडातील बार्टन-अपॉन-हंबर ह्या गावी. मृत्यू १९६३, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हिक्टोरिया शहरी. ह्या दोन टोकांच्या मध्ये जे घडले त्याचा बराचसा भाग एका सरोवराच्या काठी घडला.

फिलिप्सचे वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. मुलगा चित्रकला शिकला, तरुणपणी काही वर्षे दक्षिण आफ्रिकेत हिंडून आला, इंग्लंडात परतून चित्रकलेचा शिक्षक झाला आणि लग्न केले. १९१३ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, बायकोला घेऊन तो कॅनडातील विनिपेग शहरी आला आणि तेथल्या सेंट जॉन्स टेक्निकल हायस्कुलात शिकवू लागला. पुढे त्यांना सहा मुले झाली. म्हणजे एका मास्तराचा संसार. आपल्याला परका वाटू नये असा.

विनिपेग हे सपाट माळावरचे शहर. डोंगर नाही, समुद्र नाही. चित्रकाराच्या दृष्टीने ही गोष्ट अडचणीचीच म्हणावयाची. परंतु पूर्वेकडे आगगाडीने सुमारे दोनशे किलोमीटर गेले की माळ संपतो आणि खडक सुरू होतो. पृथ्वीच्या पाठीवरील अतिप्राचीन खडकांपैकी हा एक. हिमयुगातल्या बर्फाच्या थरांनी तो खरवडून काढला आणि बर्फ वितळल्यावर खळग्याखळग्यांत पाणी साचले. केनोरा गावाजवळचे असेच एक अवाढव्य सरोवर म्हणजे 'लेक ऑफ द वूड्स'. आपण त्याला अरण्यसरोवर म्हणू. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,३५० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या सातपट, आणि त्यात बेटे चौदा हजारांहून अधिक. त्यामुळे पाणी एवढे मोठे असूनही ते समुद्रासारखे उघडे वाटत नाही. बेटाआड बेट, खडकावर वाऱ्याने वाकलेले पाइन, आणि उन्हाळ्यात रात्रीचे नऊ वाजले तरी न मावळणारा उजेड. शाळेला सुटी लागली की फिलिप्स कुटुंब ह्या काठावर येई. मुले पाण्यात डुंबत, आणि बाप खडकावर बसून जलरंगात टाचणे करी.

आता ह्या टाचणांचे करावयाचे काय? जलरंगात त्याचा हात उत्तम होता, पण जलरंगाचे चित्र एकदाच होते, एकालाच विकता येते आणि ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्याच भिंतीवर जाते. विनिपेगमध्ये सिरिल बॅरॉ नावाचा एक चित्रकार होता; त्याच्याकडून फिलिप्स धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघ कोरून छापण्याची विद्या शिकला. पहिल्या महायुद्धात बॅरॉ लढाईवर गेला आणि त्याचे यंत्र फिलिप्सकडे आले. काही काळ त्याने ह्या पद्धतीने ठसे काढले. पण त्यात रेघ मिळे, रंग मिळत नसे. आणि सरोवर तर सगळे रंगातच होते. १९१७ च्या सुमारास तो लाकडी ठशांकडे वळला तो कायमचा.

लाकडी ठसा म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला समजावणे अवघड जाऊ नये. कापडावर छीट उठवणाऱ्या रंगाऱ्याचा ठसा आपण पाहिलेला असतो: जेथे रंग नको तेथले लाकूड कोरून काढावयाचे, उरलेल्या उंचवट्यावर रंग लावावयाचा आणि तो दाबावयाचा. तत्त्व एवढेच. परंतु जपानी लोकांनी ह्या तत्त्वावर जी इमारत उभारली तिला तोड नाही.

फिलिप्सने हीच जपानी रीत पत्करली. तिच्यात प्रथम रेखाटन पातळ कागदावर करून ते तोंड खाली करून फळीवर चिकटवतात. फळी चेरीसारख्या फळझाडाच्या घट्ट लाकडाची, आणि चिरलेली ती शिरांच्या दिशेने. रेघेच्या दोन्ही बाजूंनी चाकू चालवून रेघ तेवढी उंच ठेवतात आणि मधले लाकूड पटाशीने काढतात. ही झाली मुख्य फळी. मग तिचे ठसे घेऊन त्यांवरून प्रत्येक रंगासाठी निराळी फळी कोरावयाची: आकाशाची एक, पाण्याची एक, झाडांची एक. प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात एक काटकोनी आणि कडेला एक सरळ, अशा दोन खाचा ठेवलेल्या असतात. कागद दर वेळी त्याच खाचांत बसवला म्हणजे रंगावर रंग नेमका पडतो. ह्या दोन खाचा केसभर चुकल्या की पाइनची सावली झाडाला सोडून बाजूला जाऊन बसते.

छापण्याला यंत्र लागत नाही. पाण्यात कालवलेला रंग कुंचल्याने फळीवर लावावयाचा आणि त्यात तांदळाची थोडी खळ मिसळावयाची, म्हणजे रंग फळीवर डाग न ठेवता एकसारखा पसरतो. ओलसर केलेला कागद त्यावर ठेवावयाचा आणि पाठीमागून 'बारेन'ने घासावयाचे. बारेन म्हणजे तळहाताएवढी चकती. आत बांबूच्या धाग्यांची दोरी वेटोळी घालून बसवलेली आणि वरून बांबूचे पान ताणून गुंडाळलेले. समजा, आठ फळ्या आहेत आणि शंभर प्रती काढावयाच्या आहेत. म्हणजे आठशे वेळा रंग लावणे, आठशे वेळा कागद बसवणे आणि आठशे वेळा घासणे आले. आणि एवढ्या वेळात कागद ओलाच राहिला पाहिजे, कारण वाळला की तो आकसतो आणि खाचांचा मेळ सुटतो. विनिपेगच्या हिवाळ्यात बाहेर पारा शून्याखाली तीस अंशांवर उतरतो. आत घरे तापवलेली, हवा पापडासारखी कोरडी. तेथे ही विद्या चालवणे म्हणजे कागदाची बाळंतिणीसारखी निगा राखणे होय.

सरोवर आणि ही रीत यांचे जमले कसे, हा आमच्या मते खरा पाहण्यासारखा भाग आहे. काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही असे आपण म्हणतो; पण ह्या कलेत पाणी चाकूनेच दुभंगावे लागते. स्तब्ध पाण्यातले झाडाचे प्रतिबिंब आणि वाऱ्याची झुळूक आल्यावर मोडलेले प्रतिबिंब यांतला फरक लाकडात दाखवावयाचा, तर पाण्याच्या पृष्ठभागावरचे लहानमोठे काप, एखाद्या मासोळीच्या आकाराचे, एकेक करून कोरावे लागतात. जलरंगात कुंचल्याचा एक ओला फटकारा जे काम करतो, त्याला येथे आठवडे लागतात. ह्या सक्तीचा एक फायदा मात्र होतो. जे उगीच आहे ते गळून पडते. लाट कोठे वळते आणि सावली कोठे संपते याचा निश्चय केल्यावाचून चाकू उचलताच येत नाही. तेव्हा पाहणे आपोआप कठोर होते. पाणी हे निसर्गातले सर्वांत बोलके तत्त्व आहे, शांततेपासून खवळण्यापर्यंत प्रत्येक भाव ते धारण करते, असे फिलिप्सचे मत होते. ज्याने ते वर्षानुवर्षे कोरले त्याच्या तोंडी ते नुसते वाक्य वाटत नाही.

दुसरी गोष्ट रंग विरत जाण्याची. संध्याकाळचे आकाश वर गडद आणि क्षितिजाशी फिके असते, आणि पाण्यात तेच उलटे दिसते. यासाठी फळीचा काही भाग पाण्याने ओला करून कुंचल्याच्या एकाच कडेला रंग घेतात व तो ओढत नेतात. रंग आपोआप विरतो. जपानीत याला 'बोकाशी' म्हणतात. हे काम फळीवर कोरलेले नसते. प्रत्येक प्रतीला ते हाताने नव्याने करावे लागते. म्हणूनच एकाच ठशाच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर एकीत संध्याकाळ थोडी आधीची आणि दुसरीत थोडी उशिराची दिसते. 'छापील आहे तर' म्हणणाऱ्याला आम्ही आता हेच उत्तर देतो.

ही विद्या फिलिप्सने सुरुवातीला वाचून आणि चुकून मिळवली. जवळपास शिकवणारे कोणी नव्हते. इंग्लंडात मात्र जपानी पद्धतीचे वेड पूर्वीच शिरले होते. फ्रँक मॉर्ली फ्लेचर आणि जॉन बॅटन यांनी १८९५ च्या सुमारास पहिले प्रयोग केले होते. फ्लेचरचा शिष्य ॲलन सीबी पक्ष्यांचे सुंदर ठसे काढी. १९२४ साली फिलिप्सने शाळेची नोकरी सोडली आणि मुलाबाळांसह तो वर्षभर इंग्लंडास गेला. तेथे सीबी भेटला, विल्यम जाइल्स भेटला. पण खरा लाभ झाला तो योशिजिरो उरुशिबारा ह्या जपानी कारागिराच्या भेटीने. १९१० च्या लंडनमधील प्रदर्शनासाठी आलेला हा माणूस तेथेच राहिला होता. कागदाला सरस आणि तुरटीचे पाणी कसे द्यावे, म्हणजे रंग फुटत नाही आणि तरीही आत मुरतो, हे त्याने दाखवले. बाहेरून पाहणाऱ्याला ही बाब क्षुल्लक वाटेल. पण कागदाला सरस कमी झाला की रेघ फुगते आणि जास्त झाला की रंग वरच तरंगतो. ज्याने वर्षे ह्या एका गोष्टीवर डोके आपटले आहे, त्यालाच तिचे मोल कळते. १९२६ साली फिलिप्सने ह्या पद्धतीवर एक पुस्तक लिहिले आणि आपल्याला कळले ते सगळे त्यात मोकळेपणाने सांगून टाकले. गुरुकिल्ली कमरेला बांधून ठेवणाऱ्या कलावंतांच्या जगात हे थोडे नाही.

जाता जाता एक गोष्ट. जपानात पूर्वापार हे काम वाटून घेतलेले असे: चित्र काढणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा आणि पैसा लावणारा प्रकाशक चौथा. फिलिप्स हे सगळे एकटा करी. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानातही काही तरुणांनी आपणच काढू, आपणच कोरू, आपणच छापू असा हट्ट धरला. याउलट हिरोशी योशिदाने आपल्या देखरेखीखाली कारागीर ठेवून जुनी पद्धत नवी केली. हा योशिदा १९३०-३१ मध्ये हिंदुस्थानात आला होता, आणि अजिंठा व वेरूळ येथली लेणी त्याने ह्याच लाकडी ठशांत उतरवली आहेत. तेव्हा ही कला आपल्या अंगणापर्यंत येऊन गेली आहे. आपण तिची फारशी दखल घेतली नाही, एवढेच.

फिलिप्सच्या ठशांत सर्वांत गाजलेला ठसा १९३० सालचा, विनिपेग सरोवरातल्या यॉर्क नौकेचा. हे सरोवर वेगळे, अरण्यसरोवराहून कितीतरी मोठे, उथळ आणि लहरी. फरच्या व्यापारात हडसन्स बे कंपनीचा माल ज्या नौकांतून जाई, त्यांतली ही एक. फुगलेले मोठे शीड आणि त्याखाली उसळणारे पाणी असा हा ठसा आहे. अरण्यसरोवराच्या काठची मुले, धक्का, डोंगा अशी चित्रे पाहून फिलिप्स फार गोड आहे, असा आक्षेप काही जण घेतात. आम्हालाही तो काही ठिकाणी खरा वाटतो. परंतु ह्या नौकेपुढे तो आक्षेप टिकत नाही. त्याच सरोवराच्या पश्चिम काठी १८७५ पासून आइसलँडमधून आलेले लोक मासेमारी करून राहिले. त्यांच्या नौसा गावाचा ठसा फिलिप्सने १९३४ साली काढला.

त्याच काळात टोरांटोकडे 'ग्रुप ऑफ सेव्हन' ह्या चित्रकारांचा गाजावाजा चालला होता. त्यांचे पहिले प्रदर्शन १९२० सालचे. तैलरंगाचे जाड थर आणि रानाचे रांगडे दर्शन, हे त्यांचे वैशिष्ट्य. कॅनडाची चित्रकला म्हणजे तेच, असे पुढे ठरून गेले, आणि विनिपेगमध्ये वीतभर कागदावर खळ घासत बसलेला माणूस मागे पडला. मान त्याला मिळाला नाही असे नाही. तेथल्या रॉयल अकादमीने १९३३ साली त्याला पूर्ण सभासद करून घेतले. पण सहा मुलांचे घर मानावर चालत नाही. नोकरी सोडल्यावर ठसे विकणे, शिकवण्या घेणे, पुस्तकांना चित्रे पुरवणे हे सगळे आलेच. १९२६ पासून १९४१ पर्यंत विनिपेगच्या 'ट्रिब्यून' पत्रात तो दर आठवड्याला कलेवर सदर लिहीत असे. त्याच्या गावच्या वाचकांना ठसा म्हणजे काय हे कळले, ते बहुधा ह्याच सदरातून. मंदीच्या वर्षांत चित्र विकत घेणे कोणाला सुचणार? पण ठसा हा शाळामास्तराच्याही आवाक्यात येऊ शकतो, ही त्याची बाजू होती.

१९४० पासून तो रॉकी पर्वतातल्या बॅन्फ येथे उन्हाळी वर्गांत शिकवू लागला आणि १९४१ साली कॅल्गरीस राहावयास गेला. तेथल्या डोंगरी सरोवरांचेही ठसे त्याने पुष्कळ केले. अखेरच्या वर्षांत त्याची दृष्टी अधू होत गेली. १९६० साली तो व्हिक्टोरियास गेला आणि तेथेच तीन वर्षांनी वारला. बॅन्फच्या कलाकेंद्रात १९७६ साली निघालेल्या चित्रदालनाला त्याचे नाव दिले आहे.

येथेच हा लेख संपवता आला असता. पण अरण्यसरोवराविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय त्याच्या ठशांकडे आम्हाला पूर्वीसारखे पाहता येत नाही. ह्या सरोवराला लागून, एका अरुंद खळाळाने जोडलेले, शोल लेक नावाचे सरोवर आहे. फिलिप्स विनिपेगला आला त्याच सुमारास शहराने तेथून पाणी आणावयाचे ठरवले. सुमारे १५५ किलोमीटरचा कालवा बांधून १९१९ साली ते पाणी शहरात आले. पंप न लावता, नुसत्या उताराने. तोवर विहिरींचे जड पाणी पिणाऱ्या शहराला गोडे, मऊ पाणी मिळाले. म्हणजे फिलिप्स घरी बसून ज्या पाण्याने कागद ओलवी आणि रंग कालवी, ते त्या सरोवरांच्याच बाजूचे पाणी होते. हे कळले तेव्हा आम्हाला क्षणभर फार बरे वाटले.

मग दुसरी बाजू कळली. ह्या कामासाठी तेथल्या अनिशिनाबे लोकांची जमीन घेतली गेली. त्यांचे गाव एका भूशिरावर हलवले आणि मागून कालवा खणल्यामुळे त्याचे बेट झाले. उन्हाळ्यात नाव, हिवाळ्यात बर्फावरची वाट, आणि बर्फ धड घट्ट नाही धड वितळलेला नाही अशा दिवसांत जिवावर उदार होऊन जाणे. ज्यांच्या दारचे पाणी शहराने नेले त्या शोल लेक ४० ह्या वस्तीला १९९७ पासून पाणी उकळूनच पिण्याची सूचना होती. पक्का रस्ता झाला २०१९ साली आणि शुद्धीकरण केंद्रातले पाणी नळाला आले २०२१ साली. धरणाचे पाणी शहराला आणि धरणाखाली गेलेल्या गावाला टँकर, हे आपल्याला नवीन नाही. पण तेवढ्यावरून ती गोष्ट लहान होत नाही.

आमच्या पाहण्यात आलेल्या फिलिप्सच्या अरण्यसरोवराच्या ठशांत ही माणसे नाहीत. सुटीला आलेल्यांचा काठ आहे, त्याचा स्वतःचा काठ आहे. १९२७ च्या प्रवासानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या आदिवासी गावांचे, त्यांच्या कोरीव खांबांचे ठसे त्याने मनापासून केले. ममालिलिकुला, कार्लुक्विस ही ती गावे. मग सरोवराकाठी ती माणसे त्याच्या कागदावर का आली नाहीत? आम्ही त्याला दोष देण्यासाठी हे विचारीत नाही. तो आपल्या खडकावर बसून जे दिसले ते प्रामाणिकपणे कोरीत होता. परंतु ठशाचा नियमच असा आहे की, जे कोरून काढले तेथे कागद कोरा राहतो, आणि त्या कोऱ्या जागेवाचून चित्र उभे राहत नाही. त्या जागा आम्ही आता जास्त वेळ पाहतो.

अशा ठशाची एखादी प्रत कधी चौकटीबाहेर हाताळावयास मिळाली, तर मालकाची परवानगी घेऊन ती उलटी करून पाहावी. पुढच्या बाजूचे सरोवर मागे पुसट झिरपलेले असते, आणि त्यावर बारेनच्या फिरत्या खुणा उजेडाकडे धरल्या की दिसतात. आकाशाच्या जागी हात सैल फिरलेला असतो, आणि पाण्याच्या जागी जोर जास्त लावलेला.